प्लॅन अनलिमिटेड झाला, पण रात्री नऊला नेट चालेना : सांगली-मिरजेतल्या इंटरनेट व्यावसायिकांना खुले पत्र

सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या सर्व मालकांना, ऑफिसात फोन घेणाऱ्या मुलींना आणि खांबावर चढणाऱ्या मुलांना,

सप्रेम नमस्कार.

मी विश्रामबागेत राहते. हळद आणि बेदाण्याच्या आठ-नऊ व्यापाऱ्यांचे हिशेब मी घरी बसून लिहिते, त्यांचे जीएसटीचे रिटर्न भरते. खिडकीतून आत आलेल्या तुमच्या बारीक काळ्या वायरीवर माझं सगळं काम चालतं. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, म्हणजे रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, ती वायर मला घरातल्या गॅसइतकीच लागते. हे पत्र कुणा एका कंपनीचं नाव घेऊन लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे, कारण मार्केट यार्डातले माझे व्यापारी, मिरजेतली माझी बहीण आणि आमच्या सोसायटीतले शेजारी वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट वापरतात आणि सगळ्यांची कहाणी थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

जूनपर्यंत आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा होता, महिन्याला ५०० जीबीचा. तेवीस-चोवीस तारखेला लिमिट संपायची आणि उरलेला आठवडा २ एमबीपीएसवर काढायला लागायचा. त्यामुळे घरात सगळ्यांनीच हात आखडता घेतलेला असायचा. मुलगा गेमचं अपडेट मित्राकडे जाऊन करायचा. सासूबाई मालिका केबलवरच बघायच्या. १ जुलैपासून आम्ही २०० एमबीपीएसचा अनलिमिटेड प्लॅन घेतला, महिन्याला अडीचशे रुपये जास्त देऊन. मला वाटलं, महिनाअखेरची कटकट कायमची मिटली.

त्याच संध्याकाळी बँकेचं पान उघडायला पाऊण मिनिट लागलं. स्पीड तपासला तर १.९.

फोन केला. उत्तर मिळालं, "वहिनी, प्लॅन आजच बदललाय, चोवीस तास लागतात." चोवीस तासांनी पुन्हा फोन केला, तर म्हणाले, "राऊटर जुना आहे तुमचा, नवीन घ्या, अडीच हजारापर्यंत चांगला मिळेल." चौथ्या दिवशी तिसरं उत्तर आलं, "घरात वापर वाढला असणार, मुलं काहीतरी डाउनलोड करत असतील." या तिन्ही उत्तरांमध्ये थोडं थोडं खरं होतं, हे मला नंतर कळलं. पण कुणीही घरी येऊन, मोजून ते सांगितलं नाही. ते मोजण्यात माझे पाच आठवडे गेले. काय काय सापडलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या ग्राहकाचे पाच आठवडे वाचतील.

पहिली गोष्ट पाच मिनिटांची होती. आपला राऊटर युजरनेम आणि पासवर्ड देऊन तुमच्या सर्व्हरकडे हजेरी लावतो आणि त्या वेळी सर्व्हर त्याला वेगाची मर्यादा नेमून देतो. जूनच्या शेवटी आमची लिमिट संपली तेव्हा ती मर्यादा २ वर आली होती. १ तारखेला तुमच्या कॉम्प्युटरवर नवा प्लॅन चढला, पण आमचा राऊटर रात्रंदिवस चालूच. त्याने नव्याने हजेरी लावलीच नाही, म्हणून तो जुन्याच मर्यादेवर अडकून राहिला. पाचव्या दिवशी महावितरणची लाइट तासभर गेली. आली तेव्हा स्पीड एकदम चाळीसवर गेलेला. मी हा योगायोग समजले होते, मुलाने कारण सांगितलं. प्लॅन बदलल्यावर ग्राहकाला तुम्ही पैसे मिळाल्याचा मेसेज पाठवताच. त्यातच एक ओळ घाला, 'राऊटर पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू करा.' माझे चार दिवस त्या एका ओळीअभावी गेले.

पण २०० च्या प्लॅनवर चाळीस म्हणजे काय? मुलगा इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आला होता. त्याने वायफाय सोडून लॅपटॉप थेट लॅन वायरीने राऊटरला जोडला. आकडा आला ९४. पुन्हा मोजलं, ९४. तिसऱ्यांदा ९३. तो म्हणाला, "आई, हा आकडा ओळखीचा आहे. मध्ये कुठेतरी शंभरची जोडणी लागलीय." नेटवरची माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते; शंभरच्या जोडणीत त्या पाकिटांवरचे पत्ते वगैरे लिहिण्यात थोडा भाग जातो, म्हणून हातात येतात ते ९४-९५. लॅपटॉपचं पोर्ट हजारचं होतं, राऊटरचंही हजारचं. राहिली ती फायबरच्या छोट्या पांढऱ्या डब्यापासून राऊटरपर्यंत जाणारी हातभर वायर. ती चार वर्षांपासून दिवाणाच्या पायाशी दाबलेली होती.

ती वायर मी ट्यूबलाइटखाली धरून पाहिली. टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा असतो, त्यात आठ तारा ओळीने बसवलेल्या दिसतात. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदार. सात तारा पुढच्या सोनेरी पट्टीपर्यंत पोचल्या होत्या. आठवी, तपकिरी, भाताच्या शितापेक्षाही कमी अंतरावर थांबलेली. शंभरच्या जोडणीला आठांपैकी चारच तारा पुरतात, हजारच्या जोडणीला आठही लागतात. एक सुटली की दोन्ही बाजूची यंत्रं आपसात ठरवून शंभरवर येतात आणि कसलीही तक्रार न करता चालत राहतात. आमचा जुना प्लॅनच शंभरचा होता, म्हणून ती सुटलेली तार चार वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. प्लॅन दोनशेचा झाला आणि ती आडवी आली. शंभर रुपयांची नवी वायर आणली, आकडा १८८ झाला. अडीच हजारांचा राऊटर आणून त्याच वायरीला लावला असता तरी ९४ च मिळाले असते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, राऊटर बदला असं सांगण्याआधी एकदा वायरीने मोजून बघा. तुमच्या मुलांच्या पिशवीत फायबर कापायचं हत्यार असतं, पक्कड असते, चिकटपट्टी असते. त्यात एक खात्रीची लॅन वायर ठेवा आणि ऑफिसात एखादा जुना लॅपटॉप, जो ज्याला कॉलवर जायचं असेल त्याला नेता येईल. मोबाइलवर वायफायने मोजलेला आकडा तुमच्या लाइनचा असतो की आमच्या भिंतींचा, ते त्या मुलालाही सांगता येत नाही आणि आम्हालाही. मग दोघंही आपापल्या समजुतीवर अडून बसतात आणि शब्दाला शब्द वाढतो.

वायफायचा भाग आमच्याच घरातला होता, ते मी मान्य करते. राऊटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे ठेवलेला, आणि माझं टेबल दोन भिंती पलीकडे. राऊटर दोन लहरींवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली लांब जाते, भिंती ओलांडते, पण हळू चालते आणि तिच्यावर गर्दी फार. एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच मार्ग तिच्यात आहेत, १, ६ आणि ११. माझ्या खोलीत बसून मी यादी उघडली तर शेजारच्या एकोणीस घरांची नावं दिसली, सगळी त्या तीन मार्गांवर. दुसरी लहर जलद आणि मोकळी, पण भिंत आली की लवकर दम सोडते. दोन्ही लहरींना एकच नाव दिलेलं असल्यामुळे माझा कॉम्प्युटर आपला २.४ लाच धरून बसलेला. राऊटर टीव्हीमागून काढून पॅसेजमधल्या फळीवर ठेवला, दोन्हींना वेगळी नावं दिली, आणि माझ्या टेबलावर १६० यायला लागले. स्वयंपाकघरात अजून पंचवीसच येतात, पण तिथे फोनला तेवढे पुरतात. वायर खिडकीतून जिथे आत येते तिथेच राऊटर टांगून मुलं निघून जातात, हे मी आमच्या सोसायटीत सगळीकडे पाहिलं आहे. दहा मीटर वायर जादा लागली तर तिचे पैसे मागा, लोक देतील. फक्त विचारा, घरात काम कुठे बसून करता?

आता घरातल्या वापराबद्दल. तुमच्या तिसऱ्या उत्तरात इथे तथ्य होतं, पण जे म्हणालात त्या अर्थाने नव्हे. मुलगा काही डाउनलोड करत नव्हता. झालं असं की अनलिमिटेड झालं म्हटल्यावर यजमानांनी फोनमधले सहा वर्षांचे फोटो आणि व्हिडिओ मूळ आकारात वर चढवायला लावले. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, सगळ्या फोनची अपडेट्स, जे जे आम्ही लिमिटच्या भीतीने बंद ठेवलं होतं ते सगळं पहिल्या दोन दिवसांत चालू झालं. आमच्या प्लॅनमध्ये खाली उतरवायचा वेग २०० असला तरी वर चढवायचा ४० आहे. संध्याकाळी घरी आल्यावर फोन वायफायला लागायचा आणि ते चाळीस गच्च भरायचे.

वर चढवायचा रस्ता भरला तर खाली उतरवायचा का अडावा, हे मला आधी पटेना. मग यार्डातली गोष्ट आठवली. पोती उतरवून झाली की पोच पावती परत गेल्याशिवाय पुढची गाडी सुटत नाही. इंटरनेटवर आलेल्या मालाचीही पोच द्यावी लागते आणि ती पोच वर चढवायच्या रस्त्याने जाते. त्या रस्त्यावर फोटोंच्या गाड्या रांगेत उभ्या असल्या तर पावत्याही रांगेत उभ्या राहतात, आणि तिकडून पुढचा माल सुटायचा थांबतो. फोटो रात्री एकनंतर चढतील अशी वेळ लावून दिली आणि संध्याकाळची घुसमट बरीच कमी झाली. ज्या ग्राहकाला तुम्ही लिमिटमधून अनलिमिटेडमध्ये नेता त्याच्या घरात पहिल्या आठवड्यात हे होणारच. वर्षानुवर्षं दाबून धरलेलं सगळं एकदम सुटतं. त्याला आधी सांगून ठेवलं तर तो तुमच्यावर रागावणार नाही.

जुलैमध्ये आमचा एकूण वापर ११४० जीबी झाला. पूर्वीच्या दुपटीहून जास्त. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या अनलिमिटेड प्लॅनला महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, ती ओलांडली की वेग उतरतो. आमच्यासारख्या घराला ती फार दूर आहे. पण ती आहे हे मला बिलावरच्या सर्वांत बारीक अक्षरांत सापडलं, प्लॅन देताना कुणी उच्चारलं नव्हतं. शंभरच्या वेगाने महिनाभर अखंड नेट चाललं तर ३२ हजार जीबीच्या पुढे जाईल. म्हणजे ३३०० हा त्याचा दहावा भाग. धंद्याला अशी मर्यादा लागते हे मी समजू शकते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१६ सालीच सांगून ठेवलं आहे की मर्यादा किती, तिच्या आत वेग किती, ती संपल्यावर किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं आणि मर्यादा संपत आली की कळवायचं. मोठ्या अक्षरांत तीन आकडे लिहायला काही खर्च येत नाही.

घरातलं सगळं निस्तरून झालं आणि तरीही रात्री साडेआठ ते अकरा नेट चालेना. इथून पुढे जे लिहिते ते तुमच्या बाजूचं आहे. हाच या पत्राचा खरा विषय.

मी एक वही केली. सकाळी ६, दुपारी २, रात्री ९ आणि रात्री साडेबारा, अशा चार वेळा, लॅपटॉप वायरीने जोडून, घरातले सगळे फोन वायफायवरून काढून, सलग चौदा दिवस. मापन मुंबईच्या सर्व्हरवर घेतलं. सकाळचे आकडे १८० ते १९०. दुपारी १७० च्या आसपास. रात्री साडेबाराला १६५. आणि रात्री नऊला ११, ९, १४, ११, ८. चौदा रात्रींत एकदाही वीसच्या वर गेला नाही. वहीत जीएसटीच्या साइटचा विचारच केला नाही, कारण २० तारखेला ती साऱ्या देशाला हळू चालते आणि त्याचा दोष मला तुमच्या माथी मारायचा नव्हता.

तुमचा एक मुलगा रात्री नऊलाच आला, भर पावसात, रेनकोट घालून. कामाचा माणूस होता तो. आधी फायबरच्या टोकाला मीटर लावून उजेड मोजला, उणे २१ आला. उणे २७ च्या पलीकडे गेला तर डबा कुरकुरायला लागतो, म्हणजे आमची लाइन उत्तम होती. शिवाय काचेच्या तारेतला उजेड रात्री नऊला कमी आणि बाराला जास्त होत नाही. मग त्याने त्याच्या फोनवर स्पीड मोजला आणि मला दाखवला, १५० च्या वर. "बघा वहिनी, येतोय की." त्याच वेळी माझ्यासमोर बँकेचं पान अर्धं उघडून थांबलेलं.

तो खोटं बोलत नव्हता. स्पीड मोजणारी ॲप्स आपोआप जवळचा सर्व्हर निवडतात, आणि जवळचा सर्व्हर बहुतेक वेळा तुमच्याच जाळ्यात बसलेला असतो. घरापासून तुमच्या ऑफिसपर्यंतचा रस्ता मोकळा होता, तोच त्याने मोजला. मी मुलाकडून शिकून पिंग लावून, म्हणजे पाठवलेला छोटा संदेश परत यायला किती वेळ लागतो ते, बघितलं होतं. राऊटरपर्यंत एक मिलिसेकंदही लागत नाही. तुमच्या पहिल्या टप्प्यापर्यंत दुपारी ४ आणि रात्रीही ४. मुंबईपर्यंत दुपारी १३, आणि रात्री नऊला १२०, मधूनच १८०. सांगलीतून बाहेर पडेपर्यंत काही अडचण नाही आणि बाहेर पडायच्या तोंडाशी कोंडी. विश्रामबागेतून निघालेली रिक्षा पुष्पराज चौकापर्यंत सुसाट यावी आणि पुढे आयर्विन पुलावर तासभर अडकावी, तसं.

ही कोंडी का होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तरी वाचणाऱ्या इतर ग्राहकांसाठी लिहिते. एका फायबरवरून साधारण २.५ जीबीपीएस येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. पुढे तुमचं ऑफिस मोठ्या कंपनीकडून घाऊक बँडविड्थ, म्हणजे नेट वाहून नेण्याची क्षमता, घेतं आणि ती शेकडो घरांत वाटतं. सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, या हिशेबावर सारा धंदा उभा आहे. हिशेब लिहिणाऱ्या बाईला त्यात चुकीचं काही दिसत नाही, पाणीपुरवठाही तसाच चालतो. पण तो हिशेब लिमिटच्या प्लॅनच्या दिवसांतला आहे. तेव्हा लोक नेट जपून वापरत होते. आता गल्लीच्या गल्ली अनलिमिटेडवर आली. साध्या एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात, फोर-के असेल तर ७ पर्यंत. म्हणजे एका मोठ्या टीव्हीला सतत १५-१६ एमबीपीएस. जेवणं झाली की घरोघरी असे टीव्ही लागतात. प्लॅन विकताना वेग दुप्पट लिहिला, लिमिट काढून टाकली, आणि बाहेर जाणारी लाइन जुनीच ठेवली, तर रात्री नऊला दुसरं काय होणार?

हे काही मी आज शोधलेलं तत्त्व नाही. ट्रायने २००६ च्या नियमांत लिहिलं होतं की गर्दीच्या वेळीसुद्धा पुढची लाइन ८० टक्क्यांच्या वर भरता कामा नये आणि ग्राहकाला कबूल केलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळायला हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेवेच्या दर्जाचे नवे नियम लागू झाले आहेत. जानेवारी २०२३ पासून तर किमान २ एमबीपीएस नसलेल्या जोडणीला केंद्र सरकार ब्रॉडबँडच म्हणत नाही. आमच्या २०० च्या प्लॅनवर मला पहिले चार दिवस १.९ मिळत होते.

या काळात माझं काय झालं तेही सांगायला हवं. २० जुलैला एका व्यापाऱ्याचं जीएसटीचं महिन्याचं ३बी रिटर्न भरायला मी रात्री नऊला बसले, कारण त्याची बिलंच मला सात वाजता मिळाली. पान उघडायचं, ओटीपी यायचा, ओटीपी टाकेपर्यंत पान मरायचं. मोबाइलचं नेट आमच्या खोलीत धड येत नाही, म्हणून शेवटी लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेले, छत्री धरून. भरून झालं तेव्हा बारा वाजून गेले होते. विलंब शुल्क एका दिवसाचं पन्नास रुपये. रक्कम काहीच नाही, मी माझ्या खिशातून भरली. पण त्या व्यापाऱ्याच्या नावावर 'उशिरा भरलं' अशी नोंद झाली, माझ्या हातून पहिल्यांदाच. बारा वर्षांच्या कामात मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट पावसाळ्याची. माझे आई-वडील गावभागात राहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, इशारा पातळी ४० आणि धोक्याची ४५ असताना. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की सांगलीतली सारी घरं रात्री जेवणं उरकून एकच गोष्ट बघत बसतात, कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि पुलापाशी किती फूट झालं. त्यावरून ठरतं की म्हाताऱ्या माणसांना आज रात्रीच हलवायचं की सकाळपर्यंत थांबायचं. तो आकडा बघायची वेळ नेमकी साडेआठ ते अकरा. या जुलैत दोन रात्री मला ते पान उघडता आलं नाही आणि मी बाबांना फोन करून उगीचच सामान बांधायला लावलं. रात्री नऊचं नेट म्हणजे फक्त मालिका आणि सिनेमे, असं तुमच्या ऑफिसात कुणाला वाटत असेल, तर त्यांनी पुराच्या काळात गावभागात, सांगलीवाडीत एक रात्र काढावी.

त्याच पुरांत तुमची मुलं कमरेएवढ्या पाण्यातून वायरी ओढत होती, हे मी विसरलेले नाही. २०१९ ला पाणी उतरल्यावर लाइट येण्याआधी काही ठिकाणी नेट आलं होतं, ऑफिसात इन्व्हर्टर लावून तुम्ही ते चालू ठेवलं होतं. बाहेरगावच्या मुलांना आई-वडिलांचे चेहरे त्या दिवशी तुमच्यामुळे दिसले. सांगलीला तुमच्याबद्दल आपुलकी आहे. म्हणूनच सगळं मनात ठेवून दुसरी कंपनी धरण्यापेक्षा मी हे लिहिते आहे.

ऑगस्टच्या मध्यावर एका रात्री नऊला वहीत १३६ असा आकडा आला. मला वाटलं मोजायला चुकले. दुसऱ्या रात्री १२९, तिसऱ्या रात्री १४१. रेनकोटवाला मुलगा रस्त्यात भेटला, त्याला विचारलं. म्हणाला, "वहिनी, वरून बँडविड्थ वाढवून घेतली मालकांनी. तुमच्या वहीचे फोटो दाखवले होते मी." मला आनंद झाला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. म्हणजे दोष तुमच्याकडे होता हे कळल्यावरही कुणी एक मेसेज पाठवला नाही. त्या पाच आठवड्यांत आमच्या सोसायटीत दोन घरांनी नवे राऊटर घेतले. एक आजोबा पेन्शनीतून. त्यांना आता काय सांगायचं?

माझं मागणं एवढंच आहे. लाइन अपुरी पडत असेल तर तसं सांगा. 'रात्री साडेआठ ते अकरा वेग कमी मिळेल, महिनाभरात क्षमता वाढवतो आहोत,' एवढं एक वाक्य सगळ्यांना पाठवा. मी तेव्हा माझं काम दुपारी उरकलं असतं, आजोबांचे पैसे वाचले असते. प्लॅन विकताना दोनशे लिहिता, त्याच्या शेजारी रात्री नऊचा आकडाही लिहा. तो साठ असेल तर साठ लिहा. साठ खरे मिळत असतील तर सांगलीचा माणूस साठचेही पैसे आनंदाने देईल. आणि तक्रार आली की तिला नंबर द्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तो द्यावाच लागतो, आणि तक्रारीचं समाधान झालं नाही तर तुमच्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचा हक्क ग्राहकाला आहे. फोनवर "बघतो वहिनी" म्हटलेलं कुठेच नोंदलं जात नाही, मग मालकांनाही कळत नाही की एका भागातून किती तक्रारी आल्या. माझ्या सात फोनपैकी एकालाही नंबर मिळालेला नाही. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, पण ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. मला त्या दारात जायचं नाही. तुमचं ऑफिस माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आपण तिथेच बोलू.

मालकांना एक वेगळी विनंती, त्या रेनकोटवाल्या मुलासारख्यांसाठी. वहीचे फोटो वर पाठवायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने ते स्वतःहून केलं. त्याच्या हातात मीटर आहे, पण 'दोष आपल्याकडे आहे' असं ग्राहकाला सांगायची मुभा त्याला नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती मुभा त्याला द्या.

माझी वही ज्याला हवी असेल त्याने बघायला यावं. तपकिरी तार सुटलेली ती वायरही मी टाकलेली नाही, टेबलाच्या खणात ठेवली आहे. तुमच्याकडे नव्याने कामाला लागलेल्या मुलांना दाखवायची असेल तर घेऊन जा. दुपारी दोननंतर मी घरीच असते, ११ आणि २० तारीख सोडून.

कळावे, लोभ असावा.

आपली,
विश्रामबाग, सांगली येथील एक ग्राहक